बीपी, शुगर, स्टेंट असताना परदेश प्रवासाचा विमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाकडे न्यू जर्सीला चार महिने, मुलीच्या बाळंतपणासाठी टोरांटोला, किंवा पन्नाशी-साठीत एकदाची युरोप टूर. व्हिसा, तिकीट, बॅगांची वजनं यांत महिने जातात. विमा मात्र बहुतेक घरांत शेवटच्या आठवड्यात, सर्वांत स्वस्त बघून, मोबाइलवर दहा मिनिटांत उरकला जातो. घरात बीपी, शुगर, थायरॉईड, दमा, हृदयविकार यांपैकी काही असेल तर त्या दहा मिनिटांत केलेली चूक पुढे लाखोंना पडते. खालचे प्रश्न अशाच घरांतून पुन्हापुन्हा येतात.

बीपीची अर्धी गोळी चालू आहे, रीडिंग नॉर्मल येतं. हा आजार म्हणून लिहायचा का?

हो. बीपी नॉर्मल आहे ते गोळीमुळे. गोळी चालू आहे म्हणजे कधीतरी निदान झालंय. विमा कंपनी आज त्रास होतोय का एवढंच विचारत नाही. कधी निदान झालं होतं का, सल्ला किंवा उपचार घेतले का, औषध चालू आहे का, हे विचारते. 'थोडीशी शुगर', 'बॉर्डरलाइन थायरॉईड', 'नुसतं कोलेस्टेरॉल' हे आपल्या घरातले शब्द आहेत. फॉर्मवर त्यांची जागा आजारांच्या रकान्यातच.

आधीपासूनचा आजार म्हणजे किती आधीचा?

विमा नियामक आयआरडीएआयने २०२४ च्या नियमांत आरोग्य विम्यासाठी ही मुदत ३६ महिन्यांवर आणली: पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत निदान झालेला, किंवा ज्यासाठी डॉक्टरांचा सल्ला वा उपचार घेतला तो आजार. पण हा नियम वाचून परदेश प्रवासाच्या पॉलिसीलाही तेच लागू असेल असं धरून चालू नका. तुमच्या पॉलिसीच्या 'व्याख्या' या भागात काय छापलंय ते बघा. कुठे ३६ महिने असतात, कुठे ४८, कुठे मुदतच नसते आणि जन्मापासूनचं सगळं त्यात येतं.

आणि प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे विमा मागताना भरायच्या अर्जावर, 'कधीही झालं होतं का' असा प्रश्न असेल तर उत्तर त्या प्रश्नाचं द्यायचं, व्याख्येचं नाही. २०११ साली केईएममध्ये झालेली अँजिओप्लास्टी 'जुनी गोष्ट' म्हणून सोडून देता येत नाही. स्टेंट अजून आत आहे, रक्त पातळ करणारी गोळी अजून चालू आहे.

नेमकं काय काय लिहायचं?

चालू असलेली प्रत्येक गोळी आणि ती कशासाठी. झालेली ऑपरेशनं. गेल्या काही वर्षांतलं हॉस्पिटलमधलं राहणं, एका रात्रीचंही. डॉक्टरांनी सांगितलेली पण अजून न केलेली तपासणी. हा शेवटचा मुद्दा सगळ्यांत जास्त सुटतो. 'टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या' असं केस पेपरवर लिहिलंय, तुम्ही म्हणालात अमेरिकेहून आल्यावर बघू, आणि तिकडे छातीत दुखलं. क्लेम नाकारायला तो कागद पुरतो. तपासणी आधी उरकून घ्या, रिपोर्ट काहीही येवो.

आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथिक औषध चालू असेल तरी ते ज्या आजारासाठी आहे तो आजार लिहायचाच.

आजार लिहिला की विमा मिळत नाही किंवा महाग पडतो. मग न लिहिलेला बरा नाही का?

नाही. कारण समजून घेतलं तर हा मोह सुटतो.

रात्री दोन वाजता वडिलांच्या छातीत दुखू लागतं. मुलगा त्यांना गाडीत घालून हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नेतो. दारातच ट्राएज करणारी, म्हणजे कुणाला आधी बघायचं ते ठरवणारी नर्स विचारते: आधीचे आजार कोणते, औषधं कोणती. मुलगा सांगतो, बीपी दहा वर्षांपासून, टेल्मिसार्टन ४० रोज सकाळी, शुगर पाच वर्षांपासून, मेटफॉर्मिन. त्याने सांगायलाच हवं, उपचार त्यावरच ठरणार आहेत. नर्स ते टाइप करते. तारीख, वेळ आणि तिच्या सहीनिशी ते त्यांच्या वैद्यकीय नोंदींचं पहिलं पान होतं. पुढे विमा कंपनीचा माणूस फाइल उघडतो तेव्हा हेच पान आधी वाचतो आणि शेजारी तुमचा प्रपोजल फॉर्म ठेवतो. तिथे 'आजार: नाही' असं असेल तर पुढचं वाचायची त्याला गरज उरत नाही.

शंका राहिली तर कंपनी मुंबईतल्या फॅमिली डॉक्टरांचा दाखला मागते, जुनी प्रिस्क्रिप्शनं मागते. एवढंच नाही, हिंदुस्थानातल्या तुमच्या मेडिक्लेममध्ये तोच आजार आधीच नोंदवलेला असतो. माहिती दडवली असं ठरलं की फक्त हृदयाचा खर्च जात नाही, पॉलिसीच रद्द ठरवली जाऊ शकते. म्हणजे प्रीमियम भरून हातात विमाच नाही, आणि हे कळतं आयसीयूच्या बाहेर उभं असताना.

उलट, आजार लिहिला तर सगळ्यांत वाईट काय होईल? प्रीमियम वाढेल, मेडिकल तपासणी करावी लागेल, किंवा ती कंपनी नाही म्हणेल. हे सगळं घरी बसून, वेळ हातात असताना कळतं. एक कंपनी नाही म्हणाली तर दुसरीकडे जाता येतं. मात्र दुसऱ्या फॉर्मवर 'आधी कुणी विमा नाकारला आहे का' हा प्रश्न असेल तर तिथेही खरं उत्तर द्यायचं.

आजार लिहिला, पॉलिसी मिळाली. म्हणजे तो आजार कव्हर झाला ना?

इथेच सर्वाधिक गफलत होते. आजार मान्य करून पॉलिसी देणं आणि त्या आजाराचा खर्च देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉलिसीत साधारण चारपैकी एक प्रकार असतो. आधीपासूनचा आजार पूर्ण वगळलेला. किंवा फक्त जीवघेण्या आपत्कालीन स्थितीत, ठरावीक रकमेपर्यंत दिलेला. किंवा जादा प्रीमियम घेऊन ती रक्कम वाढवलेली. किंवा तुम्ही लिहिलेला आजार शेड्युलवर, म्हणजे तुमचं नाव, तारखा आणि रकमा छापलेल्या पॉलिसीच्या तक्त्यावर, नाव घेऊन वगळलेला. शेवटचा प्रकार शेड्युलच्या खालच्या भागात, 'विशेष अटी' अशा मथळ्याखाली बारीक अक्षरात असतो. प्रिंट काढा आणि चष्मा लावून वाचा.

दुसरा प्रकार आपल्याकडे बराच दिसतो, म्हणून त्याचा हिशोब मांडून बघू. आकडे उदाहरणाचे आहेत. विम्याची रक्कम १,००,००० डॉलर. आधीपासूनच्या आजारासाठी मर्यादा १०,००० डॉलर. डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममागे तुम्ही स्वतः भरायची रक्कम, १०० डॉलर. बीपी असलेल्या बाईंना स्ट्रोक आला, आयसीयूसह बिल झालं ७०,००० डॉलर. स्ट्रोक बीपीमुळे आला असं कंपनीने मानलं तर तिची जबाबदारी १०,००० च्या आतच संपते. उरलेले किमान ६०,००० कुटुंबावर. आता याच बाईंनी १ लाखाऐवजी ५ लाख डॉलरची पॉलिसी घेतली असती आणि आजाराची मर्यादा तीच १०,००० असती, तर या बिलात एका डॉलरचाही फरक पडला नसता.

म्हणून तुलना करताना जाहिरातीतली मोठी रक्कम बघू नका. 'आधीपासूनच्या आजारासाठी आपत्कालीन उपचार, कमाल किती' ही एक ओळ शोधा आणि तिची तुलना करा. ती ओळ सापडत नसेल तर बहुधा ते कव्हर त्या प्लॅनमध्ये नाही.

मग शुगर असणाऱ्याने विमा घेऊन उपयोग काय?

खूप उपयोग आहे. शुगर लिहिलेल्या माणसाचा शिकागोच्या बर्फात घसरून खुबा मोडला, अपेंडिक्स झालं, न्यूमोनिया झाला, तर आजाराची ती छोटी मर्यादा मध्ये येत नाही, पूर्ण रक्कम उपलब्ध असते. परदेशात होणाऱ्या बऱ्याच गोष्टी अशाच असतात. वाद होतो तो आजारातून उद्भवलेल्या गुंतागुंतीवर: शुगर असताना पायाची जखम चिघळणं, बीपी असताना स्ट्रोक, जुना स्टेंट असताना नवा ब्लॉक. तेवढ्यासाठी मर्यादा जितकी मोठी मिळेल तितकी घ्यावी.

साठी ओलांडलेल्यांनी आणखी एक बघावं. काही प्लॅनमध्ये ठरावीक वयानंतर प्रत्येक बाबीला वेगळी मर्यादा असते: खोलीचं दिवसाचं भाडं, आयसीयूचं दिवसाचं, सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ॲम्ब्युलन्स. अमेरिकेतली बिलं या मर्यादा सहज ओलांडतात. प्रीमियम जास्त असला तरी अमेरिका-कॅनडासाठी सब-लिमिट नसलेला प्लॅन घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

'जीवघेणी आपत्कालीन स्थिती' कोण ठरवतं? आणि किती दिवस खर्च देतात?

उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या नोंदींवरून कंपनी ठरवते. हार्ट अटॅक, स्ट्रोक, दम्याचा न आटोक्यात येणारा झटका, शुगर धोकादायक पातळीपर्यंत घसरणं हे साधारणपणे त्यात बसतं. गोळ्या संपल्या, शुगर तीनशेच्या घरात आली म्हणून डॉक्टरांना दाखवलं, रुटीन ईसीजी काढला, हे बसत नाही.

आणि खर्च असतो रुग्ण 'स्थिर' होईपर्यंतचा. म्हणजे जीव वाचवायला जे लागतं ते. स्थिर झाल्यावर तिकडचे डॉक्टर म्हणाले की बायपास आता करा किंवा महिन्याभरात करा, तर दुसऱ्या पर्यायात कंपनी म्हणते मुंबईला जाऊन करा. हॉस्पिटलात हा निर्णय होत असताना असिस्टन्स कंपनीशी, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने परदेशात मदत करणाऱ्या कंपनीशी, बोलणं चालू ठेवा आणि ती जे सांगेल ते ई-मेलवर मागून घ्या.

कॅनडाच्या पॉलिसीत आजार 'स्टेबल' असावा असं लिहिलंय. हे काय?

तिकडच्या कंपन्या स्थिरतेचा काळ धरतात, उदाहरणार्थ पॉलिसी सुरू होण्याआधीचे ९० किंवा १८० दिवस. त्या काळात नवीन लक्षण नको, नवं औषध नको, हॉस्पिटलात भरती नको, प्रलंबित तपासणी नको आणि डोसमध्ये बदल नको. डोस कमी केला तरी तो अनेक पॉलिसींत बदलच धरला जातो. तब्येत सुधारली म्हणून डॉक्टरांनी गोळी अर्धी केली आणि त्यामुळेच आजार कव्हरबाहेर गेला, असं होऊ शकतं. इन्सुलिन आणि रक्त पातळ करणाऱ्या काही औषधांच्या नेहमीच्या फेरफारांना काही पॉलिसी सूट देतात.

यावर उपाय औषध लपवणं किंवा आवश्यक बदल टाळणं हा नाही. निघण्याच्या सात-आठ महिने आधी डॉक्टरांकडे जा, जे बदल करायचे ते तेव्हाच करून घ्या. मग निघेपर्यंत १८० दिवस सहज होतात.

कोणत्या देशासाठी किमान किती रकमेचा विमा लागतो?

शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाला, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. तो सगळ्या शेंगेन देशांत आणि पूर्ण मुक्कामभर चालायला हवा, आणि त्यात आपत्कालीन उपचार व मायदेशी परत आणण्याचा खर्च हवा. पण व्हिसा अधिकारी तुमची शुगर कव्हर आहे का ते बघत नाही. व्हिसा मिळाला म्हणजे विमा पुरेसा आहे, असं होत नाही.

कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी, म्हणजे आई-वडील आणि आजी-आजोबांच्या व्हिसासाठी, किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा आणि किमान एक वर्षाचा विमा लागतो. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला विम्याची सक्ती नाही. आणि उपचार सर्वांत महाग तिथेच.

अमेरिकेला जाताना विमा इथून घ्यायचा की तिथल्या कंपनीचा?

दोन्ही चालतात. इथला विमा निघण्याआधीच घ्यावा लागतो. विमान उतरल्यावर तो सहसा मिळत नाही. कागदपत्रं आणि तक्रारीची यंत्रणा मुंबईत असते, हा त्याचा मोठा फायदा. तिथला 'व्हिजिटर इन्शुरन्स' पोहोचल्यावरही घेता येतो आणि स्थानिक हॉस्पिटलांच्या नेटवर्कमुळे कॅशलेस तुलनेने सोपं जातं. पण कोर्टकचेरीची वेळ आली तर ती तिकडे.

तिथल्या प्लॅनमध्ये 'अक्यूट ऑनसेट ऑफ प्री-एक्झिस्टिंग कंडिशन्स' असे शब्द दिसतील. अर्थ असा: आधीचा आजार अचानक, पूर्वसूचना न देता उफाळला आणि बहुतेक प्लॅनप्रमाणे २४ तासांत उपचार घेतले, तरच पैसे. दोन दिवस छातीत जळजळतंय म्हणून घरीच ओवा खाऊन बसलात आणि तिसऱ्या दिवशी गेलात, तर हे कव्हर हातचं जातं. सत्तरीनंतर किंवा ऐंशीनंतर ते खूप कमी होतं किंवा बंद होतं, तेही बघून घ्या. आणि 'फिक्स्ड बेनिफिट' प्लॅन स्वस्त दिसतो कारण तो प्रत्येक उपचाराला ठरलेली छोटी रक्कमच देतो, 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' मात्र प्रत्यक्ष बिलाप्रमाणे, विम्याच्या रकमेपर्यंत देतो.

इंटरनेटवर वाचलं की तिकीट काढल्यापासून १४-२१ दिवसांत विमा घेतला तर जुना आजारही कव्हर होतो?

ती सवलत अमेरिकेत राहणाऱ्यांनी तिथे घेतलेल्या ट्रॅव्हल इन्शुरन्सची आहे. मुंबईहून निघणाऱ्याला ती लागू नाही. इंग्रजीत शोधलं की बहुतेक माहिती अमेरिका-ब्रिटनची समोर येते, तेवढं भान ठेवा.

विमा कधी घ्यायचा?

आजार नसेल तर आठवडाभर आधीही चालतं. आजार असेल तर किमान एक ते दीड महिना. मेडिकल तपासणी सांगितली तर ईसीजी, उपाशीपोटी शुगर, लघवी, कधी एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) किंवा स्ट्रेस टेस्ट करावी लागते, रिपोर्ट कंपनीकडे जातो, मग निर्णय येतो. शेंगेनसाठी विमा व्हिसाच्या अपॉइंटमेंटआधी हातात हवा. व्हिसा नाकारला गेला तर पुरावा देऊन पॉलिसी रद्द करता येते, थोडे पैसे कापून बाकीचे परत मिळतात. पण पॉलिसी सुरू होण्याच्या तारखेआधी कळवलं तरच.

फॅमिली डॉक्टरांकडून काय लिहून घ्यायचं?

'फिट टू ट्रॅव्हल' एवढे तीन शब्द पुरत नाहीत. लेटरहेडवर, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, सही, शिक्का आणि तारखेसह इंग्रजीत पत्र घ्या. त्यात हवं: आजार कोणता आणि कोणत्या वर्षापासून, औषधांची जेनेरिक नावं आणि डोस, डोस शेवटचा कधी बदलला, अलीकडचं बीपी, एचबीए१सी, क्रिएटिनिन, हॉस्पिटलात कधी राहावं लागलं असेल तर कधी, आणि प्रवासाला हरकत नाही हे. जेनेरिक नावांवर अडून बसा. दादरच्या केमिस्टला तोंडपाठ असलेलं ब्रँडचं नाव बोस्टनच्या डॉक्टरला काहीच सांगत नाही.

हृदयाचं काही झालेलं असेल तर डिस्चार्ज समरी आणि शेवटचा ईसीजी सोबत ठेवा. तिकडच्या डॉक्टरांना जुना ईसीजी शेजारी ठेवून नवा बदल ओळखता येतो. सगळ्याचे फोटो मुलाच्या आणि तुमच्या, दोघांच्याही फोनमध्ये असू द्या.

फॉर्म मुलाने ऑनलाइन भरला, किंवा एजंटने भरला. चूक झाली तर जबाबदारी कुणाची?

ज्याच्या नावाने पॉलिसी आहे त्याची, असंच कंपनी म्हणते. वेबसाइटवर 'कोणताही आजार नाही' हा पर्याय पटकन टिक होऊन जातो. एजंट कधी म्हणतो, 'काका, बीपी टाकू नका, उगाच अडकेल.' त्याला व्हॉट्सॲपवर लिहून सांगा की हे आजार आहेत, ते फॉर्ममध्ये टाका. म्हणजे पुरावा राहतो. पॉलिसी आली की पहिल्याच दिवशी शेड्युल आणि सोबतची प्रपोजलची प्रत उघडा. नाव पासपोर्टप्रमाणे, जन्मतारीख, देश, तारखा आणि आजारांचा रकाना. चूक दिसली तर लगेच ई-मेल करून दुरुस्ती मागा. निघण्याआधी केलेली दुरुस्ती प्रामाणिक ठरते. आजारी पडल्यावर केलेली ठरत नाही.

टूर कंपनीने पॅकेजमध्ये विमा दिलाय. तो पुरे?

त्याचं शेड्युल मागून घ्या, ब्रोशरमधली ओळ नको. अशा ग्रुप पॉलिसींत रक्कम अनेकदा व्हिसापुरती असते, वयाची अट असते आणि आधीपासूनचा आजार वगळलेला असतो. तसं असेल तर वेगळी पॉलिसी घ्या. क्रेडिट कार्डावरचा 'मोफत विमा' बहुधा अपघाती मृत्यूचा असतो. आजारपणात तो कामाला येत नाही.

आमचा मेडिक्लेम परदेशात चालतो का?

बहुतेक नाही. साधा मेडिक्लेम भारतातल्या उपचारांपुरता असतो. काही महागड्या पॉलिसींत जागतिक कव्हर असतं. तुमच्यात असेल तर अटी वाचा.

कॅन्सरचे उपचार चालू आहेत, किंवा डायलिसिस. विमा मिळेल का?

इतर कारणांसाठी मिळू शकतो. त्या आजारासाठी जवळपास नाहीच. केमो, डायलिसिस, नियमित औषधं, ठरवून केलेल्या तपासण्या यांचा खर्च प्रवास विमा देत नाही. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलेलं असताना गेलात, किंवा उपचारांसाठीच गेलात, तर संपूर्ण क्लेम बाद होऊ शकतो. डायलिसिस असणाऱ्यांनी तिथल्या सेंटरची जागा आणि त्याचा खर्च निघण्याआधी ठरवून घ्यावा.

प्रवास रद्द झाला तर? आजारी घरचं माणूस मागे आहे.

'ट्रिप कॅन्सलेशन'मध्ये जवळच्या नातेवाइकाच्या आजारपणासाठी पैसे मिळतात. पण डोंबिवलीत राहिलेल्या आईला आधीपासून हृदयविकार असेल आणि त्यासाठीच तिला भरती करावं लागलं, तर बऱ्याच पॉलिसी नाही म्हणतात. आधीपासूनच्या आजाराची अट फक्त प्रवास करणाऱ्याला लागू आहे असं लोक समजतात, तसं नसतं. घरी वृद्ध आजारी माणूस असेल तर रद्द करता येणारी तिकिटं घ्या, विम्यावर भिस्त ठेवू नका.

औषधं किती न्यायची?

मुक्कामाच्या दीडपट, मूळ पाकिटांत, प्रिस्क्रिप्शनसह. सगळी एका बॅगेत नको. इन्सुलिन केबिन बॅगेतच. चेक-इन बॅगेत ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. केबिनमध्ये औषधाच्या द्रवांना १०० मिलीच्या नियमातून सूट असते, पण प्रिस्क्रिप्शन हाताशी हवं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल, झोपेच्या गोळ्या यांवर आखाती देशांत कडक निर्बंध आहेत. आधी परवानगी घ्यावी लागते. गोळ्या संपल्याचा खर्च विमा देत नाही, आणि गोळ्या चुकल्याने त्रास झाला तर क्लेमही अडतो.

तिकडे काही झालंच तर पहिल्या तासात काय करायचं?

आधी ॲम्ब्युलन्स. अमेरिका-कॅनडात ९११, युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, सिंगापूरला ९९५, अमिरातीत ९९८. विम्याच्या फोनसाठी उपचार थांबवू नका. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानुसार इमर्जन्सी विभागाला, विमा असो वा नसो, रुग्णाला तपासून स्थिर करावंच लागतं.

रुग्ण आत गेला की सोबतच्या माणसाने असिस्टन्स कंपनीला फोन करायचा. क्रमांक पॉलिसीवर असतो. तो पाकिटात कागदावर लिहून ठेवा, फोन नेमका तेव्हाच बंद पडतो. पॉलिसी क्रमांक, हॉस्पिटलचं नाव, रुग्णाची खोली सांगा आणि क्लेम क्रमांक लिहून घ्या. बऱ्याच पॉलिसींत भरतीची सूचना २४ तासांत देण्याची अट असते. आजार विचारले तर फॉर्ममध्ये लिहिलेलेच, तसेच सांगा.

निघताना आयटमाइज्ड (प्रत्येक बाब वेगळी दाखवणारं) बिल, डिस्चार्ज समरी आणि पैसे भरल्याच्या पावत्या घ्या. अमेरिकेत हॉस्पिटलकडून 'यूबी-०४' आणि डॉक्टरांकडून 'सीएमएस-१५००' हे फॉर्म मागा. क्लेम त्यावरच लवकर पुढे सरकतो. आणि बिल एकच येतं या समजात राहू नका. हॉस्पिटल, इमर्जन्सीचे डॉक्टर, रेडिओलॉजी, लॅब, ॲम्ब्युलन्स यांची बिलं वेगवेगळी, महिनोन्‌महिने मुलाच्या पत्त्यावर येत राहतात. प्रत्येक बिल क्लेम क्रमांकासह कंपनीला पाठवा. जे कव्हरबाहेर राहील त्यासाठी हॉस्पिटलच्या 'फायनान्शियल असिस्टन्स' विभागाकडे अर्ज करा आणि हप्ते किंवा सवलत मागा. मागितल्याशिवाय मिळत नाही.

बोर्डिंग पास जपून ठेवा. युरोपच्या सीमांवर ऑक्टोबर २०२५ पासून डिजिटल नोंदणी सुरू झाल्याने पासपोर्टवर शिक्का मिळेलच असं नाही, आणि प्रवासाच्या तारखांचा पुरावा क्लेमला लागतो.

मुक्काम दोन महिने वाढला. विमा वाढवता येतो?

पॉलिसी संपण्याआधी मागितला तर अनेकदा येतो, पण तब्येत ठीक असल्याचं जाहीर करावं लागतं. मधल्या काळात नवा आजार निघाला असेल तर वाढीव काळात तो 'आधीपासूनचा' ठरतो. म्हणून मुक्काम वाढण्याची थोडीही शक्यता असेल तर सुरुवातीलाच जास्त दिवसांचा घ्या.

सगळं लिहिलं होतं, तरी क्लेम नाकारला. आता?

नकाराचं पत्र लेखी मागा, पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली नाकारला त्याच्या उल्लेखासह. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. सोबत विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवा, फोन १५५२५५.

इथे सर्वोच्च न्यायालयाचा ६ डिसेंबर २०२१ चा निकाल हाताशी ठेवा. तो प्रवास विम्याचाच आहे. एका प्रवाशाने फॉर्ममध्ये मधुमेह लिहिला होता, पॉलिसी मिळाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच त्याला घाम सुटला, अशक्तपणा आला, हॉस्पिटलात स्टेंट घालावे लागले. कंपनीने आधीच्या आजाराचं कारण सांगून क्लेम नाकारला. न्यायालयाने ठरवलं की उघड केलेली तब्येत पाहून एकदा पॉलिसी दिली, की त्याच आजाराचं कारण पुढे करून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. हा निकाल त्या माणसाच्या बाजूने लागला कारण मधुमेह त्याच्या फॉर्मवर लिहिलेला होता.

कंपनीने नकार दिला, किंवा महिनाभरात उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत जायला हवं. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे तिथे चालतात. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर जीवन सेवा ॲनेक्समध्ये आहे, तक्रार ऑनलाइनही करता येते. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो, मुदत दोन वर्षं. अर्जाला प्रपोजल फॉर्मची प्रत, शेड्युल, डॉक्टरांचं निघण्याआधीचं पत्र, हॉस्पिटलच्या नोंदी आणि नकाराचं पत्र जोडा, तारखांच्या क्रमाने, पानांवर आकडे घालून.